घंटा कोण वाजवणार?



दिवसभराची कामे उरकून तुम्ही रात्री या वर्गाला येता. आज वर्गाच्या बाईंनी आम्हाला बोलावले आणि म्हणाल्या, "गुरुजी, कामाविषयी चार शब्द सांगा." आम्ही जरा विचारात पडलो. ज्यांचे हात रोज मातीत आहेत त्यांना कामाविषयी आम्ही काय सांगावे? तुम्ही आळशी नाही. आळशी माणूस दिवसभर खुरपून रात्री अक्षरे गिरवायला येईल होय? म्हणून 'कष्ट करा' हा उपदेश आम्ही घरीच ठेवून आलो आहोत.

आम्हाला बोलायचे आहे ते निराळ्याच गोष्टीविषयी. माणूस पहाटे उठतो. दिवसभर पाय थांबत नाहीत. रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर मनात येते, आज काय काम झाले? आणि सांगण्यासारखे काही सापडत नाही. दिवस तर गेला. मग तो नेला कोणी? असा शोध आम्हाला एकदा लावावा लागला. त्यात चूक आमचीच होती. ती सांगतो, ऐका.

आम्ही जुने मॅट्रिक. प्राथमिक शाळेत शिक्षक लागलो, पुढे मुख्याध्यापक झालो आणि २०१६ च्या मे महिन्याअखेर निवृत्त झालो. शाळेत आमचे काम वेळेवर व्हायचे. घंटा झाली की प्रार्थना. घंटा झाली की गणित. घंटा झाली की डबा. एवढी वर्षे असे चालल्यामुळे आमचा समज झाला होता की आम्ही मोठे शिस्तीचे. गावातही तसाच लौकिक होता. "गुरुजींचं काम म्हंजे घड्याळ," असे लोक म्हणत. ते ऐकून आम्हाला बरे वाटे.

आम्हाला एक धाकटा भाऊ आहे. आमच्या वडिलांची दोन मुलांना शिकवायची ऐपत नव्हती. धाकट्याला दुसरीतून काढले आणि गुरांमागे धाडले. आम्ही मॅट्रिक झालो ते त्याच्या तळहातावरच्या घट्ट्यांवर, हे आम्ही कुणापासून लपवत नाही. आमची सामायिक पाच एकर काळी जमीन आहे. ती आयुष्यभर त्यानेच कसली. आम्ही सुटीत जायचो आणि बांधावर उभे राहून हे कर, ते कर, असे सांगायचो. सांगणे सोपे असते.

२०१७ च्या मे महिन्यात भाऊ बांधावरून घसरला. पायाचे हाड मोडले. डॉक्टरांनी प्लास्टर घातले आणि सहा आठवडे पाय टेकायचा नाही, असे बजावले. पेरणी तर तोंडावर आलेली. आम्ही म्हटले, "तू निवांत पड. औंदा सोयाबीनची पेरणी आम्ही करतो." भावाने मान हलवली. त्याला आमचा भरवसा होता.

मृगात चांगला पाऊस झाला. ओल पुरेशी गेली. आता वाट पाहायची ती वाफशाची. वाफसा काय असतो हे तुम्हाला सांगायला नको. मातीचा गोळा मुठीत दाबला तर तो बसावा आणि बोटाने ढकलला तर फुटावा. पायाला चिखल लागू नये, आणि खाली ओल असावी. काळ्या रानाला वाफसा लवकर येत नाही, आणि आला की फार दिवस थांबतही नाही. वरून पुन्हा सर आली की गेला. तो बोलावून येत नाही.

आमच्या रानाला वाफसा आला तो गुरुवारी. आदल्या संध्याकाळी आम्ही जाऊन पाहून आलो. ट्रॅक्टरवाल्याशी बोलणे केले. तो म्हणाला, "गुरुजी, आठला बी घेऊन रानात या. अकरापर्यंत तुमचं उरकतो. मग मला दुसऱ्या गावाला जायचंय." आम्ही म्हटले, "आठच्या आधीच हजर असू." घड्याळाचा माणूस ना!

आता ती सकाळ कशी गेली ते पाहा.

आम्ही साडेपाचला उठलो. सहाला चहा घेतला. तेवढ्यात फोन वाजला. जुन्या शाळेतले एक सोबती. त्यांनी शाळेच्या समारंभाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले होते. ते पाहिले, दोघाचौघांना उत्तरे दिली. पंधरा मिनिटे गेली. बियाण्याला जिवाणू खत चोळून ते सावलीत सुकवायचे होते. ते काम आम्ही सकाळवर ठेवले होते. पोती सोडायला बसलो, तोच एक जण आला. "गुरुजी, बँकेला अर्ज लिहून द्या. दोनच ओळी." दोन ओळी लिहायला वीस मिनिटे लागली, कारण अर्जापेक्षा त्याची हकीकत लांब होती. तो गेला. मग जिवाणू खताची पाकिटे कुठे ठेवली ते आठवेना. घरातल्यांनी शोधून दिली. बी चोळून पसरले तेव्हा आठ वाजत आले होते. बी सुकायला हवे. तोवर काय करावे? गुरुवार हा आमच्या गावचा बाजाराचा दिवस. म्हटले, भाजी आणून टाकावी. वाटेत हॉटेलापुढे चारजण बसले होते. "या गुरुजी, चहा घ्या." नाही कसे म्हणावे? घेतला चहा. चहाबरोबर गावचे राजकारणही घेतले.

बी गाडीवर टाकून आम्ही रानात पोचलो तेव्हा पावणेदहा झाले होते. ट्रॅक्टरवाल्याने तास दीड तास वाट पाहिली आणि तो दुसऱ्याच्या रानात उतरला. त्याचे तरी काय चुकले? आम्ही गळ घातली. तो म्हणाला, "संध्याकाळी येतो." संध्याकाळी आभाळ भरून आले, आणि रात्री पाऊस आला. पुढे झडच लागली. पुन्हा वाफसा यायला दोन आठवडे गेले. तोवर रान तणाने हिरवे झाले. ते मारायला वखर घालावा लागला. पेरणी झाली ती जुलै उजाडल्यावर.

मंडळी, आम्ही त्या सकाळचा पुष्कळदा हिशोब मांडला. त्यात एकही काम वाईट नव्हते. सोबत्याशी बोलणे वाईट नाही. अडाण्याचा अर्ज लिहून देणे तर पुण्याचे काम. भाजी लागतेच. चहाला बोलावले तर गेले पाहिजे. एकाही कामाने आमचा अर्धा तास घेतला नाही. चोर मोठा असता तर दिसला असता. हे सगळे ओळखीचे, लहान लहान आणि हसतमुख होते.

त्या वर्षी पाऊस लवकर आटोपला. आमच्या उशिराच्या शेंगा नीट भरल्या नाहीत, दाणे बारीक राहिले. बांधापलीकडे वेळेवर पेरलेल्याला एकरी आठ क्विंटल झाले. आम्हाला झाले पाच. एकरी तीन क्विंटल कमी, पाच एकरांत पंधरा क्विंटल. २०१७ साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३०५० रुपये होता, आणि बाजारात त्याहून कमीच मिळत होते. हमीभावाने धरले तरी पंधरा क्विंटलचे ४५,७५० रुपये होतात. हा गुणाकार तुम्ही पाटीवर करून पाहा. आम्ही तो पुष्कळ वेळा केला आहे.

त्या पैशातून भावाच्या मुलीची नर्सिंगच्या शिक्षणाची फी भरायची होती. ती भरता आली नाही. तुम्ही म्हणाल, गुरुजींना पेन्शन होती की! होती. आम्ही पैसे पुढे केलेही. भावाने घेतले नाहीत. म्हणाला, "माझ्या लेकीचं माझ्या रानातून होऊ द्या." मुलीचे एक वर्ष गेले. पुढच्या वर्षी ती गेली, आणि आज ती दवाखान्यात नोकरी करते. तरी ते गेलेले वर्ष आमच्या नावावर आहे, ते आम्ही विसरू शकत नाही.

भाऊ आम्हाला रागे भरला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. एकदा खाटेवर बसल्या बसल्या तो एवढेच म्हणाला, "दादा, शाळंत घंटा पोरं वाजवायची. रानात कोण वाजवणार?"

आमचे डोळे उघडले ते या शब्दांनी. इतकी वर्षे आम्ही ज्याला आमची शिस्त समजत होतो, ती सातवीच्या वर्गातल्या पोराच्या हातातली घंटा होती. ती गेली आणि आम्ही उघडे पडलो.

मग आम्ही काय केले? पहिली गोष्ट अशी की, सकाळचे काम आदल्या रात्री ठरवू लागलो. नुसते मनात ठरवून भागत नाही. मनातले सकाळी पुसले जाते. आमच्या दाराच्या आत, खुंटीला शाळेतली एक जुनी पाटी टांगली आहे. रात्री जेवण झाले की तिच्यावर उद्याचे पहिले काम लिहायचे. दहा कामे लिहीत नाही. दहा लिहिली की त्यातले सोपे आधी होते आणि अवघड राहते. एकच काम लिहायचे, जे राहिले तर नुकसान होईल असे. त्याखाली त्याला लागणारे सामान लिहायचे आणि ते त्याच रात्री दाराशी आणून ठेवायचे. विळा असेल तर विळा, दोरी असेल तर दोरी. पेरणीच्या सकाळी जिवाणू खताची पाकिटे शोधण्यात आमचा किती वेळ गेला, ते ऐकलेतच. बियाण्याचेही तसेच. उगवण तपासायचे काम आम्ही आता पेरणीच्या आधीच्या आठवड्यातच उरकतो. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि गोणपाट ओले ठेवतो. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बी चांगले. २०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही म्हणून केवढा ओरडा झाला होता! दुबार पेरणी म्हणजे झालेले काम मातीत घालून पुन्हा आरंभ करणे. ते टाळायला गोणपाटाचा एक तुकडा लागतो.

दुसरे, अर्धे काम सोडून उठावे लागले तर खूण ठेवायची. हे आम्हाला आमच्या आळीतल्या एका शिंपीण बाईंकडून कळले. त्यांचे सांगण्यासारखे आहे.

या बाई पायमशीनवर शिवतात. घरात दोन लहान मुले, आजारी सासू, आणि नळ कधी येईल त्याचा नेम नाही. एका वर्षी त्यांनी शाळेचे चाळीस गणवेश शिवायला घेतले. १५ जूनला शाळा उघडायची. एके दिवशी त्या शर्टाच्या बाह्या बेतत होत्या. मूल रडले, उठल्या. परत बसल्या तर सासूबाईंनी हाक मारली, पुन्हा उठल्या. परत येऊन घाईने कात्री चालवली. पाहतात तो दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या! तीन शर्टांच्या बाह्या तशाच कापल्या गेल्या होत्या. ते कापड त्यांना पदरचे घालावे लागले. शिलाईची मजुरी त्यातच गेली.

त्यावर बाईंनी काय केले? मुले रडायची थांबत नाहीत, आणि सासूला औषध द्यावेच लागते. म्हणून त्यांनी कामाचेच तीन भाग पाडले. बेतणे हे डोक्याचे काम. तिथे चूक झाली तर कापड परत जोडता येत नाही. ते त्या पहाटे, मुले उठण्याआधी करू लागल्या. सरळ शिवण ही पायांची आणि हातांची. ती दिवसा तुकड्यातुकड्याने चालते. उठावे लागले की सुई कापडात खुपसूनच ठेवायची, म्हणजे परत बसल्यावर टाका तिथूनच पुढे. आणि काज, बटणे, हातशिलाई ही कामे बोलता बोलता होतात. ती दुपारी उंबऱ्यात बसून, शेजारणीशी गप्पा मारत. गणवेश वेळेवर गेले.

आम्ही इतकी वर्षे मुलांना शिकवले, पण कामाची ही फोड आम्हाला सुचली नव्हती. तुम्ही आपल्या कामाची अशी फोड करून पाहा. औषध फवारताना पंपात किती टाकायचे हे मोजणे डोक्याचे काम. पैशाचा हिशोब डोक्याचे काम. दोरी वळणे, शेंगा फोडणे ही गप्पांची कामे.

आता इथे पुरुष मंडळींना थोडे बोलतो. राग मानू नका. घरात बायकांचे काम सर्वांत जास्त कोण मोडते? मुले नव्हेत. आपण! "जरा पाणी दे." "माझा सदरा कुठाय?" "चहा टाक, पाव्हणं आल्यात." आपण बसल्या जागेवरून हाक मारतो आणि तिकडे चुलीवरची भाकरी करपते. आम्हीही यातलेच. त्या गुरुवारी आमची पाकिटे कोणी शोधली होती, आठवते ना? आता तहान लागली तर आम्ही माठापर्यंत चालत जातो. चार पावले असतात.

राहिला फोन. फोनला आम्ही शिव्या देणार नाही. पावसाचा अंदाज त्यावर कळतो, बाजारभाव कळतो. डिजिटल सहीचा सात-बारा सरकारी संकेतस्थळावरून १५ रुपयांत निघतो. त्या कागदासाठी पूर्वी अर्धा दिवस जायचा आणि साहेब जागेवर नसले तर दुसरा अर्धा. तालुक्याला जाण्याआधी फोन करून 'साहेब आहेत का, कोणते कागद लागतील' एवढे विचारले तर एक खेप वाचते. पण तोच फोन खिशात असला की दर पाच मिनिटांनी हात तिकडे जातो. रानात गेल्यावर आम्ही तो पिशवीत घालून लिंबाच्या फांदीला टांगतो. भाकरी खायला बसलो की पाहतो. घरी सांगून ठेवले आहे, काही अडले तर लागोपाठ तीनदा वाजवा.

आणि मळणी यंत्रापुढे, कडबाकुट्टीपुढे तर फोन नकोच नको. २०१९ साली आमच्याच शिवारात एका पोराने कडबा घालता घालता फोन कानाला लावला. त्याची दोन बोटे गेली. फोन कशाचा होता म्हणाल तर कुणी तरी विचारत होते, "काय चाललंय?"

गाणे म्हटले तर काम मोडते का, असे परवा एका आजींनी आम्हाला विचारले. फार चांगला प्रश्न. जात्यावरच्या ओवीने दळण कधी मोडले नाही, उलट हाताला ताल मिळाला. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींचे (१८८० ते १९५१) नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांना लिहिता वाचता येत नव्हते. घरची आणि शेतातली कामे करता करता त्यांनी गाणी रचली. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातल्या एकाने ती उतरून घेतली, आणि १९५२ साली, त्यांच्या माघारी, त्यांचे पुस्तक निघाले. गाण्याने त्यांचे कामही झाले आणि कामातून गाणेही झाले. तेव्हा आजी, खुशाल म्हणा.

काही वेळा मात्र काम सोडलेच पाहिजे. गावात कोणाकडे मयत झाली, कोणाला दवाखान्यात न्यायचे आहे, तर नांगर उभा ठेवून जावे. तिथे पाटी पाहत बसू नये. तसेच झोपेचे. शेतीपंपाची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रभर दारे धरून भिजवणाऱ्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा औताला लागू नये. लोक काय म्हणतील म्हणून तो दुपारी निजत नाही, आणि मग संध्याकाळी विळा बोटावर चालवतो. निजावे. त्याचे ते काम झालेलेच आहे.

आता २०१८ च्या पेरणीचे सांगतो आणि पुरे करतो. भावाचा पाय बरा झाला होता, तरी त्याने मुद्दामच आम्हाला पुढे केले. आदल्या रात्री आम्ही पाटीवर लिहिले, 'पेरणी'. खाली लिहिले, 'बी, पाकिटे, घमेले, डबा'. सगळे दाराशी मांडले. पहाटे चारला उठून बी चोळले. साडेसहाला एक जण अर्ज घेऊन आला. योगायोग पाहा, गेल्या वर्षीचाच. आम्ही त्याला पाटी दाखवली. त्याला वाचता येत नव्हते. आम्ही म्हटले, "आज पेरणी आहे. रात्री आठला ये, चार ओळी लिहून देतो." आम्हाला वाटले होते तो रागावेल. तो म्हणाला, "मग मी बी उचलू लागतो की!" आणि खरेच रानापर्यंत आला. साडेदहाला पेरणी आटोपली. अर्ज रात्री लिहिला.

तो जण आज या वर्गात बसला आहे. त्याचे नाव घेत नाही, तो लाजेल. आणि त्याच्या शेजारी आमचा भाऊ बसला आहे. दुसरीतून उठलेला मुलगा इतक्या वर्षांनी पुन्हा वर्गात आला आहे. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी आम्ही पाटी पाहायला गेलो तर तिच्यावर आमचे अक्षर नव्हते. कोणी तरी आधीच लिहून ठेवले होते, 'उद्या आदी पेरनी'. आम्ही खडू उचलला आणि परत ठेवला. इतकी वर्षे मुलांची अक्षरे सुधारली, पण ते तसेच राहू दिले.

चला, आता पाट्या काढा. उद्याचे तुमचे पहिले काम काय, ते प्रत्येकाने लिहा. एकच लिहायचे. लिहून झाले की एकेकाने उभे राहून वाचायचे. मागच्या रांगेपासून सुरुवात करू.